इसार पावती

तिच्या नावावर काहीही नाही. सातबाऱ्यावर ती दिसत नाही, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर दिसत नाही, महापालिकेच्या करपावतीवर तर नाहीच नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 सालचा; त्याच्या 54व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की विक्रीच्या नुसत्या करारानं जागेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. तरीही ती एकदा लिहिली गेली की जागेचा मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलताना चाचरतो, शेजारचा जाणकार माणूस 'इसार झालाय' एवढंच ऐकून बाजूला होतो, आणि ज्यानं ती खिशात घातली आहे त्याची पुढच्या तीन महिन्यांची झोप उडते. सोलापूरच्या नवी पेठेत तिला मी बरीच वर्षं पाहत आलो आहे. मला तिच्याविषयी आदर आहे. हल्ली भांडवल नसताना तिच्या जोरावर जागांचा धंदा करायला निघालेली मुलं सोलापुरात खूप दिसतात, आणि तिचा स्वभाव मात्र त्यांना कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

दिसायला ती साधी. पूर्वी शंभराच्या बॉन्डवर यायची. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारनं शंभर-दोनशेचे व्यवहार पाचशेवर नेले, तेव्हापासून पाचशेच्या बॉन्डवर येते. घाई असली तर वहीच्या फाडलेल्या पानावरही लिहिली जाते, खाली एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आणि तिकिटावरून अर्धी कागदावर उतरलेली सही. भाषा जुन्या वळणाची : लिहून देणार, लिहून घेणार, मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने', 'निर्वेध व बिनबोजा'. तिच्या पोटातली इसाराची, म्हणजे सौदा पक्का करायला आगाऊ दिलेली, रक्कम कधी गोल नसते. अकरा हजार, एक्कावन्न हजार, एक लाख एक हजार. वरचा एक हवाच. अमावास्येला ती जन्मत नाही, पितृपक्षात तर तिचं नाव कोणी काढत नाही. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी मात्र बॉन्ड लिहिणाऱ्याला चहा प्यायला सवड मिळत नाही.

घराण्यात ती सगळ्यांत धाकटी. तिच्यावर साठेखत, दुय्यम निबंधकापुढं नोंदलेलं, नोंदणीच्या इंडेक्स टू उताऱ्यात दिसणारं. त्याच्यावर खरेदीखत, जे झालं की मालकी बदलते. थोरल्यांना वकील लागतो, मुद्रांक शुल्क लागतं, अंगठे आणि फोटो लागतात. धाकटीला दोन साक्षीदार आणि एक पेन पुरतं. म्हणून ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला या घराण्यात पहिली ओळख हिचीच होते.

नवी पेठ ही तिची खास वस्ती. पार्क चौक, शिवाजी चौक यांच्या आसपास पसरलेला हा बाजार. खाली कपडे, चपला, मोबाइल, भांडी, आणि दुकानांच्या डोक्यावर अरुंद जिन्यांनी जायची कार्यालयं. इथल्या दुकानाची किंमत कागदावर कमी आणि माणसांच्या तोंडी जास्त असते. पुष्कळ गाळ्यांत जुने भाडेकरू आहेत. मालकाला विकायचं तर भाडेकरूचं काय, हा प्रश्न पहिला येतो, आणि 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पागडी देणंघेणं मान्य केल्यामुळं भाडेकरूच्या हक्कालाही स्वतंत्र भाव आहे. अशा ठिकाणी 'विकणे आहे' अशी पाटी कोणी लावत नाही. पाटी लावली की भाडेकरू सावध होतो, भाऊ सावध होतात, उधारी असलेला व्यापारी दारात येऊन बसतो. त्यामुळं नवी पेठेतला खरा सौदा पाटीशिवाय होतो, आणि तो झाला हे जगाला कळतं ते पावती होऊन गेल्यावर.

भांडवल नसलेला मुलगा या पावतीचं काय करतो, ते आकड्यांत सांगतो. समजा एका मालकाला जुनं घर तीस लाखांना द्यायचं आहे. मुलानं एक्कावन्न हजार इसार दिला, तीन महिन्यांची मुदत घेतली. तीन महिन्यांत त्याला बत्तीस लाख देणारा माणूस सापडला. खरेदीखत मालक आणि त्या माणसात थेट झालं. मधले दोन लाख मुलाचे. याला आपल्याकडं 'जागा फिरवणं' म्हणतात, अमेरिकेत होलसेलिंग. साधी दलाली यापेक्षा वेगळी. दलाल टक्का-दोन टक्के घेतो आणि जोखीम घेत नाही. जागा फिरवणाऱ्याला तीन महिन्यांत गिऱ्हाईक मिळालं नाही तर एक्कावन्न हजारांवर पाणी सोडावं लागतं. पावतीत जप्तीची अट स्वच्छ लिहिलेली असेल आणि रक्कम खरोखर इसाराची असेल, तर ती जप्त करायचा मालकाला अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली सांगितलं आहे.

या सगळ्याचा जीव पावतीतल्या एका ओळीत असतो. 'खरेदीखत लिहून घेणार यांचे अथवा ते सांगतील त्या इसमाचे नावे करून देऊ.' मुलं ही ओळ पाठ करतात. 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं 15वं कलम तिच्या पाठीशी आहे : करारात मनाई नसेल आणि करार एखाद्याच्या खास गुणांवर किंवा आर्थिक पतीवर बेतलेला नसेल, तर ज्याच्याकडं हक्क सोपवला तोही करार पुरा करून मागू शकतो. म्हणजे काम कायदेशीर आहे. पण मालकाला त्या ओळीचा अर्थ माहीत असतो का? माझा अनुभव असा की दहांतल्या बहुतेकांना नसतो. त्यांना वाटतं समोरचा पोरगा स्वतःच घर घेतो आहे, लग्न ठरलं असेल, बायको आणेल, तुळस लावेल. तो अर्थ त्यांना मोठ्यानं सांगणं हे या धंद्यातलं पहिलं काम आहे असं मी मानतो. 'मी ही जागा घेणार नाही, घेणारा आणणार आहे, आणि वरचे पैसे माझे,' एवढं सांगितल्यावर काही मालक उठून जातात. जे उरतात त्यांच्याबरोबर केलेली पावती टिकते. अमेरिकेत न सांगता हेच करणारे इतके वाढले, की इलिनॉय राज्यानं 2019 मध्ये वर्षाला एकापेक्षा जास्त सौदे असे करणाऱ्याला परवाना सक्तीचा केला, आणि ओक्लाहोमानं 2021 मध्ये त्यावर वेगळा कायदाच आणला. आपल्याकडं नव्या प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी लागते, 2023 पासून परीक्षाही द्यावी लागते. जुन्या वाड्याचा सौदा फिरवणाऱ्याला यांपैकी काही लागत नाही. म्हणून त्याची सारी लाज त्या पावतीवरच्या मजकुरात आहे.

आता ती जन्मते कुठं, ते सांगतो. नवा मुलगा वहीत पाच-पन्नास फोन नंबर घेऊन हिंडतो, 'जागा हाय का, जागा हाय का' विचारत. नवी पेठेतले एक जुने दलाल अशा एकाला चहाच्या टपरीवर म्हणाले, "का बे, जागाच शोधूलालास व्हय? जागा सापडत नसत्यात. आधी माणूस सापडतो, मग त्याची जागा." मला ते पूर्ण पटतं. विकायची गरज ही भिंतीला नसते, माणसाला असते, आणि ती आधी त्याच्या आसपासच्या लोकांना कळते.

सोलापुरात ही गरज कशी तयार झाली ते शहराच्या अंगावर दिसतं. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. पूर्व भागात यंत्रमागांचे खडखडाट कमी होत गेले. ज्या शेडमध्ये चादरी आणि टॉवेल निघायचे तिथं माग भंगारात गेल्यावर चार भिंती आणि पत्रा उरला. पोरं शिकून पुण्याला गेली. सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसणाऱ्या तरुणांच्या मागं गल्लीगल्लीत एकेक घर कुलपात राहतं. आई-वडील आहेत तोवर दिवाळीला उघडतं, ते गेले की तेही नाही. दारात कराची बिलं साठतात. नीट पाहिलं तर बिलावर अजून आजोबांचंच नाव असतं.

ते बिल नव्या मुलाला फार काही शिकवतं. करपावतीवरचं नाव म्हणजे मालकी नव्हे. महापालिका कर घेते, मालकी ठरवत नाही. आजोबांचं नाव अजून असेल तर वारसनोंद झालेली नाही. वारसनोंद झालेली नाही म्हणजे वाटे किती, हे घरातल्यांनाही ठाऊक नाही. मग सिटी सर्व्हेत जाऊन मालमत्ता पत्रक काढायचं, इंडेक्स टू शोधायचा, आणि त्यानंतर पुण्याच्या नातवाला फोन करायचा. दुसरे बहुतेक जण उलट करतात. आधी फोन, मग इसार, आणि सगळ्यांत शेवटी कागद.

पत्ता कोण देतं? मीटरचं रीडिंग घेणारा, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, मुद्रांक विक्रेता, वकिलाचा कारकून, जुनं सामान घेणारा भंगारवाला. भंगारवाल्याला घर रिकामं होतंय हे भावाभावांच्याही आधी कळतं. यांच्यापाशी रोज बसावं लागतं, आणि सौदा झाला की त्यांचा वाटा त्यांना न मागता द्यावा लागतो. एकदा बुडवला की पुढचा पत्ता दुसऱ्याला जातो.

वर्तमानपत्रही कामाचं, पण वाचता आलं पाहिजे. 'संचार'मध्ये किंवा दुसऱ्या पेपरात वकिलाची जाहीर नोटीस येते, 'अमुक मिळकत आमचे अशील खरेदी करीत असून कोणाची हरकत असल्यास...' नवा मुलगा धावत त्या पत्त्यावर जातो. ती जागा तर गेलेलीच असते. नोटीस आली म्हणजे तिथं पावती आधीच जन्मलेली असते. त्या नोटिशीतून घ्यायचं ते एवढंच, की त्या गल्लीत घेणारा आहे आणि त्याचा वकील कोण आहे. उद्या शेजारचं घर निघालं तर गिऱ्हाईक तयार.

बँकेच्या ताबा नोटिशी यापेक्षा नाजूक. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक आधी 60 दिवसांची मागणी नोटीस देते. ती एकदा मिळाली की बँकेच्या लेखी परवानगीशिवाय कर्जदाराला जागा विकता येत नाही. अशा घराची पावती बँकेच्या पत्राशिवाय केली तर ती नुसती निरुपयोगी नाही, दोघांनाही बुडवणारी आहे. पण परवानगी घेऊन केली, तर त्याच कुटुंबाला ती वाचवू शकते. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत थकबाकी भरून जागा सोडवता येते, आणि लिलावात जे मातीमोल गेलं असतं ते बाजारभावाच्या जवळ जातं. या धंद्यात कोणाचं भलं करायची संधी कुठं असेल तर ती इथं आहे. तिथं तीस लाखांचं घर पंधराला लिहून घेणारेही आहेत. कायदा त्यांना अडवेल न अडवेल; मी त्यांना या धंद्यातले मानत नाही.

मृत्यूच्या बातम्यांवर टपणं हा त्याच जातीचा प्रकार. दहाव्याला घाटावर उभा राहून मुलाला हळूच 'घराचं काय ठरवलंत?' विचारणारे मी पाहिले आहेत. अशा वेळी झालेली पावती पुढं हमखास नासते, कारण दुःखात सही करणारा एकच असतो आणि वारस चार निघतात. बहिणी आठवतात त्या सगळ्यांत शेवटी. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये पक्कं केलं. तरी अजून 'बहिणीचं काय, ती नंतर सही देते की मालक,' असं म्हणून इसार उचलणारे भाऊ भेटतात. अक्कलकोटला किंवा विजापूरला दिलेली ती बहीण खरेदीखताच्या दिवशी येत नाही. तिला कोणी विचारलेलंच नसतं. ती का यावी? पावतीवर बहिणींच्या सह्या आधी घ्या, मग भावांच्या. हा क्रम मी कोणालाही सांगतो.

पावतीचे दोष लपवायचं कारण नाही. तिला रोकड फार आवडते, आणि तेच तिचं वाईट वळण. 2015 पासून आयकर कायद्यानं स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला मनाई केली आहे. घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. म्हणजे एक्कावन्न हजार नोटांत घेणारा मालक एक्कावन्न हजार गमावू शकतो. चेकनं द्या, चेकचा नंबर तिच्या अंगावर लिहा. दुसरं, ती एका जागेवर दोघांना, तिघांनाही लिहून दिली जाते, आणि तिची नोंद कुठं नसल्यामुळं कोणाला कळत नाही. रक्कम मोठी असेल, मुदत लांब असेल तर तिच्यावर थांबू नये. वकिलाला विचारून साठेखत नोंदवून घ्यावं.

आणि तिसरं, हद्दवाढीतली तिची वागणूक. 1992 च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागांत शेतं तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. अर्धा गुंठा, एक गुंठा, रस्ता नाही, रेखांकन नाही, तुकडेबंदीचा 1947 चा कायदा बाजूला ठेवून फक्त बॉन्डवर. विडी वळणाऱ्या बायकांनी पै-पै साठवून अशा बॉन्डवर घर बांधलं. सरकारनं 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा आणला आणि 2021 मध्ये तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या तुकड्यांना लागू केला, म्हणून पुष्कळांना वाट मिळाली. पण तिथं पावतीला खरेदीखताच्या जागी बसवलं गेलं होतं, आणि ते तिचं काम नाही. मुखत्यारपत्र आणि करारनामा यांवर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगून ठेवलं आहे. गुंठेवारीच्या प्लॉटवर इसार करून जागा फिरवू पाहणाऱ्या मुलानं आधी त्या प्लॉटचा नियमितीकरणाचा दाखला मागावा. नसेल तर तिथून उठावं. पुढं ज्याच्या गळ्यात तो प्लॉट पडेल तो बहुतेक त्याच्याच आळीतला, त्याच्याच आईसारख्या कोणा बाईच्या बचतीवर आलेला असेल.

तिच्या चांगुलपणाचंही सांगितलं पाहिजे. चांगल्या हातात ती फार थोड्या पैशांत फार मोठं काम करते. पुण्यातल्या तीन भावंडांना सोलापूरच्या घराचं काय करायचं ते ठरवता येत नव्हतं, ते तारखेच्या धाकानं एका खोलीत येतात. भाडेकरूला आपला हिस्सा हाती पडणार हे कळतं, तो खोली सोडतो. घेणाऱ्याला शोध अहवाल काढायला सवड मिळते. आणि मागावर काम करणाऱ्या बापाचा मुलगा, ज्याला बँक दारात उभं करत नाही, तो पाचपन्नास दिवस पायपीट करून, चार कागद स्वतः वाचून, दोन कुटुंबांची गाठ घालून देतो आणि आपला वाटा उजळ माथ्यानं घेतो. हा वाटा मला दलालीइतकाच, किंबहुना तिच्याहून कष्टाचा वाटतो.

तिचं मरण नीट झालं पाहिजे, याकडं मात्र कोणी लक्ष देत नाही. खरेदीखत झालं की ती आपोआप संपते. त्यात काही करावं लागत नाही. सौदा मोडला की घोळ होतो. मुदत टळली, मालक म्हणतो पावती मेली. पोरगा गप्प बसतो, मालक जागा दुसऱ्याला देतो. पण मुदत कायद्याप्रमाणं ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांपर्यंत तिच्या आधारे करारपूर्तीचा दावा लावता येतो. म्हणजे ज्या कागदाला मालक विसरला तो दोन वर्षांनी समन्स घेऊन परत येऊ शकतो, आणि तोवर त्या घरात तिसऱ्याच माणसाचा संसार थाटलेला असतो.

म्हणून ज्यांच्या घराला कधी ना कधी कोणी इसार द्यायला येणार आहे, त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. मुदतीची जागा कोरी असेल तर सही करू नका. 'ते सांगतील त्या इसमाचे नावे' ही ओळ असेल तर तिचा अर्थ विचारा आणि समोरच्याकडून खरं ऐकून घ्या. सही झाल्यावर एक प्रत त्याच बैठकीत मागून घ्या. आणि सौदा मोडलाच, तर मूळ पावती परत घ्या, तिच्यावर 'रद्द' असं दोघांच्या सहीनं तारखेसह लिहून ठेवा, आणि ती फाडू नका.